अक्षराचे दोन बाइट आणि कांद्याची पट्टी

१९९९ च्या डिसेंबरात सोलापूरच्या मार्केट यार्डात, एका कांद्याच्या अडतीवर, मी एक नीट चालणारा प्रोग्राम काढून टाकला. तेव्हा सगळीकडे वायटूकेची हवा होती. २००० साल उजाडलं की कॉम्प्युटर १९०० दाखवणार, हिशोब कोलमडणार, वगैरे. त्या निमित्ताने मालकांनी मनातली जुनी गोष्ट बोलून दाखवली: पट्टी मराठीत यायला पाहिजे. शेतकरी रात्रभर टेम्पोत पिशव्यांवर बसून येतो, सकाळी लिलाव होतो, दुपारी हातात हिशोबपट्टी पडते, आणि त्यावर स्वतःचं नाव इंग्रजीत बघून तो शेजारच्याला म्हणतो, "एवढं वाचून सांगा की." मागणी रास्त होती. मी विंडोजवर चालणारा, मराठी फॉन्टमध्ये पट्टी काढणारा प्रोग्राम बसवून दिला. मशीन तेच ठेवलं, ४८६ प्रोसेसरचं. फक्त रॅम ८ एमबीची १६ केली, आणि आपण फार उदार झालो असं वाटून घेतलं.

जुना प्रोग्राम फॉक्सप्रो या नोंदी ठेवायच्या भाषेत लिहिलेला, डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या नुसत्या अक्षरांच्या सिस्टीमवर, चालणारा. निळा पडदा, पिवळी अक्षरं, भोवती दुहेरी रेघेची चौकट. तिथले दिवाणजी पडद्याकडे बघतसुद्धा नसत. डाव्या हाताखाली वजनाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, नजर चिठ्ठीवर, उजवा हात आकड्यांच्या बटणांवर. पिशव्या, वजन, भाव, हमाली, तोलाई, गाडीभाडं, उचल असेल तर उचल, एंटर. पट्टी छापायला सुरुवात व्हायची तोवर पुढची चिठ्ठी निम्मी भरलेली असायची.

नवा प्रोग्राम आल्यावर पहिल्याच दुपारी रांग दारापर्यंत गेली. खिडकी उघडायची ती डोळ्यांना दिसेल अशी: आधी चौकट, मग राखाडी पाट्या, मग एकेक पांढरा रकाना, शेवटी अक्षरं. एक ओळ वाढवली की खालची अख्खी यादी पुन्हा रंगायची. दिवाणजी माउस धरून बसलेले, सुई ओवायला बसल्यासारखे. रांगेतून आवाज आला, "काय दिवाणजी, मशीन गारठलं व्हय थंडीनं?" सोलापूरच्या थंडीनं! तिसऱ्या दिवशी मी जुना प्रोग्राम परत घातला. वायटूकेसाठी त्यात जेमतेम चार ओळी बदलाव्या लागल्या. फॉक्सप्रोच्या फाइलीत तारीख मुळातच सालाच्या चार आकड्यांसकट साठते. अडचण होती ती फक्त पडद्यावर साल दोन आकडी घेण्याची.

नवा प्रोग्राम लिहिणाऱ्याचा यात दोष नव्हता. मशीन तेच ठेवून मी त्याच्या आतली कामाची वाटणी बदलली होती, आणि ती बदलली हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ती वाटणी काय, ते आता सांगतो.

डॉसचा पडदा म्हणजे ८० रकाने आणि २५ ओळी. म्हणजे २,००० घरं, आणि एका घरात एक अक्षर. डिस्प्ले कार्डावर थोडी मेमरी असते. तिच्यात प्रत्येक घरासाठी दोन बाइट राखलेले असतात; एका बाइटात ० ते २५५ मधला एक आकडा मावतो. पहिल्यात अक्षराचा क्रमांक, दुसऱ्यात रंग. इंग्रजी मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५. निळ्यावर पिवळं या रंगजोडीचा क्रमांक ३०. प्रोग्रामने त्या दोन बाइटांत ६५ आणि ३० लिहिलं की त्याचं काम संपलं. ‘ए’ला दोन तिरक्या काड्या असतात आणि मधे एक आडवी, हे प्रोग्रामच्या गावीही नसतं. अक्षरांचे २५६ साचे कार्डाकडे तयार असतात. कार्ड स्वतःच घरामागून घर वाचत जातं, क्रमांकाप्रमाणे साचा काढतं, रंग भरतं आणि ठिपके पडद्याकडे सोडतं. व्हीजीए, म्हणजे त्या काळचं नेहमीचं डिस्प्ले कार्ड, हे काम सेकंदाला सत्तर वेळा करतं, आणि त्यासाठी प्रोसेसरला एकदाही हाक मारत नाही.

सोलापूरकराला हे पटकन कळेल, कारण आपल्याकडे चादरी अशाच विकल्या जातात. बाहेरगावचा व्यापारी फोनवर सांगतो, "डिझाइन नंबर ६५, रंग ३०, पन्नास नग." मोराच्या पिसाऱ्यात कुठला धागा वर आणि कुठला खाली, हे तो सांगत बसत नाही. ते कारखान्यात जेकार्डच्या पुठ्ठ्यांवर भोकं पाडून आधीच ठरलेलं असतं. टेक्स्ट मोड म्हणजे अशी नंबरावरची ऑर्डर. ग्राफिक्स मोड म्हणजे आलेख कागद घेऊन बसणं आणि एकेक चौकोन स्वतः भरणं. व्यापाऱ्याने फोनवरून प्रत्येक चौकोन सांगायचा ठरवलं तर मालात फरक पडणार नाही, पण फोन दिवसभर चालू राहील.

ही उपमा नुसती सजावटीची नाही. १८०४ साली फ्रान्समधल्या लियाँ शहरात जोसेफ मारी जाकार याने भोकांच्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग केला, आणि कॉम्प्युटरची पंचकार्डं त्याच घराण्यातली. कार्डातल्या अक्षराचा साचाही खरोखर आलेख कागदावर बसवल्यासारखाच असतो. व्हीजीएच्या टेक्स्ट मोडमध्ये एक घर ९ ठिपके रुंद आणि १६ ठिपके उंच. अक्षर मात्र ८ ठिपक्यांतच काढलेलं असतं. नववा उभा रकाना कोरा सोडतात, म्हणजे शेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटत नाहीत. पण मग दुहेरी रेघेची चौकट दर घराला तुटली असती. म्हणून १९२ ते २२३ या क्रमांकांच्या चिन्हांना कार्ड वेगळा न्याय लावतं: आठव्या रकान्यातला ठिपका नवव्यात पुन्हा काढतं. चौकटीच्या आडव्या रेघा याच टापूत येतात, म्हणून त्या सलग दिसतात. ही युक्ती मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी भिंग घेऊन मॉनिटरला नाक लावून बसलो होतो. चादरीची जोडणी तपासणारा माणूस बसतो, तसाच.

आता हिशोब करू. २,००० घरं, दोन-दोन बाइट: ४,००० बाइट. एवढ्यात पूर्ण पडदा बदलतो. घराघरातले ठिपके मोजले तर ७२० आडवे आणि ४०० उभे, म्हणजे २,८८,००० होतात. पण प्रोग्रामला त्यातल्या एकालाही हात लावावा लागत नाही.

१९८१ सालच्या पहिल्या आयबीएम पीसीत ८०८८ हा प्रोसेसर होता, ४.७७ मेगाहर्ट्झचा. म्हणजे सेकंदाला ४७.७ लाख ठोके. मेमरीतले दोन बाइट एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवायला, सगळ्यात जलद सूचना वापरली तरी, त्याला २५ ठोके लागतात. ४,००० बाइटांना ५०,००० ठोके, म्हणजे सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग. पापणी लवायच्या आत पडदा बदलतो. आता तोच पडदा ग्राफिक्स मोडमध्ये घ्या. पूर्वी एकरंगी मॉनिटरबरोबर हर्क्युलिस जातीची कार्डं खूप खपली. त्यांचा ग्राफिक्स पडदा ७२० बाय ३४८ ठिपक्यांचा. प्रत्येक ठिपक्याला एक बिट, म्हणजे बाइटचा आठवा हिस्सा, धरला तर ३१,३२० बाइट. नुसते हलवायला सेकंदाचा बारावा भाग. १६ रंगांचा ६४० बाय ४८० पडदा घेतला, तर १,५३,६०० बाइट, आणि याच प्रोसेसरला सेकंदाचे चार दशांश. कार्डाची मेमरी वाट बघायला लावते, ती वेगळीच.

आणि हा सगळा नुसता हमालीचा खर्च झाला. माल अजून तयार व्हायचाच आहे. ग्राफिक्समध्ये एक अक्षर काढायचं म्हणजे फॉन्टमधून त्याचा आकार काढा, तो कुठल्या ठिपक्यापासून सुरू होतो ते मोजा, बाइटच्या मधूनच सुरू होत असेल तर बिट सरकवा, मागचा रंग जपा, वर दुसरी खिडकी आली असेल तर झाकलेला भाग सोडा. यातला प्रत्येक ‘करा’ प्रोसेसरसाठी आहे. म्हणून यार्डातल्या त्या ४८६ ला, जे ८०८८ पेक्षा कितीतरी ताकदवान होतं, धाप लागली. त्याचं डिस्प्ले कार्ड जुन्या आयसा खाचेत बसलेलं होतं. ती खाच साधारण ८ मेगाहर्ट्झवर, एका वेळी १६ बिट घेऊन चालते. प्रोसेसर हायवेला लागला तरी पडद्याकडे जायचा रस्ता बोळातूनच होता.

हे फक्त ऑफिसच्या मशीनचं दुखणं नव्हतं. घरगुती कॉम्प्युटरांत तर ते जास्त टोचायचं, कारण तिथे मेमरीचीच बोंब. १९८४-८५ पासून केंद्र सरकारच्या ‘क्लास’ या योजनेत देशभरातल्या शाळांना बीबीसी मायक्रो नावाचे कॉम्प्युटर मिळाले. त्याच्या ‘मॉडेल बी’त सगळी मिळून रॅम ३२ केबी. आज व्हॉट्सअ‍ॅपवरचा सुप्रभाताचा फोटोसुद्धा यापेक्षा जड असतो. या यंत्राला पडद्याचे आठ मोड होते. मोड ७ मध्ये ४० रकाने, २५ ओळी, आणि अक्षरं काढायला वेगळी चिप. खर्च १ केबी. मोड ० मध्ये बारीक ठिपक्यांचं ग्राफिक्स; खर्च २० केबी. म्हणजे चित्र काढायचं ठरवलं की घरातली निम्म्याहून जास्त जागा पडद्याने अडवली. प्रोग्रामने उरलेल्या जागेत कुठेतरी पथारी टाकायची.

झेडएक्स स्पेक्ट्रम या दुसऱ्या घरगुती कॉम्प्युटरने उलटं केलं. त्याला टेक्स्ट मोडच नव्हता. सगळा पडदा ठिपक्यांचा, २५६ बाय १९२, खर्च ६,९१२ बाइट. पुण्यातल्या एका कंपनीने परवाना घेऊन तो आपल्याकडे विकलाही. त्यावर एक अक्षर छापायचं म्हणजे आठ बाइट, आठ वेगवेगळ्या जागी. यादी एक ओळ वर सरकवायची तर जवळपास सगळा पडदा उचलून ठेवायचा. खेळांना ते बरं होतं. यादी बघणाऱ्याने चहाला जावं.

पडद्यावरची ही कामाची वाटणी कानांनी ऐकायची असेल तर डॉट मॅट्रिक्स प्रिंटरपाशी उभं राहा. अजूनही यार्डात, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ते आहेत, कारण कार्बनची दुसरी प्रत त्यांनाच काढता येते. त्याच्या डोक्यात ९ सुया. डॉसचा प्रोग्राम त्याला फक्त अक्षरांचे क्रमांक पाठवतो आणि साचे प्रिंटरच्या स्वतःच्या रॉममध्ये, म्हणजे कायमच्या मेमरीत, असतात. एका फटक्यात ओळ: टर्र्र्र. कागद सरकतो. टर्र्र्र. विंडोजमधून छापलं की बहुतेक वेळा अख्खी पट्टी चित्र बनून जाते. प्रत्येक ठिपका तारेवरून येतो, प्रिंटर तो मुकाट्याने ठोकतो, एकाच ओळीवरून दोनदा-तीनदा जातो. झुंईं... झुंईं... कागद केसभर सरकतो. झुंईं. त्या तीन दिवसांत मालकांनी पडद्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. ते वैतागले ते या आवाजाला.

पण दिवाणजींचा वेग निम्माच मशीनचा होता. उरलेला निम्मा हाताचा, आणि त्याची गोष्ट वेगळी आहे.

पीसीच्या बायोसमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या चिपात कायमच्या बसवलेल्या प्रोग्राममध्ये, कीबोर्डसाठी एक छोटीशी रांग असते. प्रोग्राम दुसऱ्या कामात असला तरी तुम्ही दाबलेली बटणं तिथे क्रमाने उभी राहतात. रांगेत १५ जणांना जागा. सोळावं बटण दाबलं की मशीन ‘पीं’ करून ओरडतं. दिवाणजी प्रिंटर चालू असतानाच पुढच्या चिठ्ठीचे आकडे ठोकायचे, आणि ‘पीं’ झालं की हात उचलून तंबाखू मळायचे. त्यांना पडद्याची गरज नव्हती, कारण प्रोग्राम कधी जागा बदलत नव्हता. तिसरं एंटर म्हणजे भाव. कालही, आजही, पुढच्या दिवाळीलाही. खिडक्यांच्या प्रोग्रामात हा भरवसा राहत नाही. खिडकी उघडायची वाट बघा, बटण कुठे आलंय ते शोधा, बाण तिथवर न्या, दाबा. मधेच ‘खात्री आहे का?’ म्हणून एखादी पाटी उगवते, आणि आधीच ठोकलेले आकडे तिच्या घशात जातात. डोळा आणि हात दोघांनाही दर पावलाला थांबावं लागतं. नवशिक्याला मात्र हाच थांबा आधार देतो. यार्डात नव्याने लागलेला मुलगा खिडकीवरची बटणं वाचत दोन दिवसांत पट्टी काढायला शिकला. निळ्या पडद्यासमोर तो आठवडाभर नुसता उभा होता.

हाताच्या या वेगासाठी टेक्स्ट मोडच लागतो असं नाही. नव्या पेठेतल्या कुठल्याही दुकानात टॅली हा हिशोबाचा प्रोग्राम बघा. पडदा कधीचाच ग्राफिक्सचा झाला, पण एफ ५ दाबलं की पेमेंट, एफ ६ ला रिसीट, एफ ८ ला सेल्स. अकाउंटंट माउस बाजूला सारून बसतो. म्हणजे ‘जुना काळा पडदा जलद’ असं आपण म्हणतो तेव्हा दोन गोष्टींची भेळ करतो. ठिपके कोण काढतं, ही एक. माणसाला थांबायला कोण लावतं, ही दुसरी. पहिलीवर यंत्रवाल्यांनी उपाय शोधला, दुसरी अजून प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या मर्जीवर आहे.

यंत्रवाल्यांचा उपाय थोडक्यात: १९९१ च्या सुमारास डिस्प्ले कार्डांवर असे चिप आले की प्रोसेसरने ‘हा चौकोन उचलून तिकडे ठेव’, ‘एवढ्या जागेत राखाडी रंग भर’ एवढंच सांगायचं आणि कार्डाने ते करायचं. एस३ कंपनीचा चिप त्यातला गाजलेला. पुन्हा नंबरावरची ऑर्डर, फक्त यादी मोठी. मग व्हीएल बस आणि पीसीआयच्या रुंद खाचा आल्या, बोळाचा रस्ता झाला. आजचा साधा १,९२० बाय १,०८० चा पडदा एकदा रंगवायला सुमारे ८३ लाख बाइट लागतात, डॉसच्या पडद्याच्या दोन हजार पटींहून जास्त, आणि ते सेकंदाला साठ वेळा. आपल्याला जाणवतसुद्धा नाही.

याचं भान नसलं की उलटी फसगत होते. माझा भाचा जुळे सोलापुरात राहतो, इंजिनिअरिंगला आहे. दोन-तीन महिन्यांपूर्वी त्याने माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर उतरवला. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही सिस्टीम टाकली, आणि काळ्या खिडकीत कमांडा देत मला म्हणाला, "मामा, टेक्स्टमध्ये काम केलं की हा उडायला पाहिजे ना? मग अडकतोय का?"

मी म्हटलं, ही काळी खिडकी टेक्स्ट मोड नाही. टेक्स्ट मोडचं सोंग आहे. आत बसलेला प्रोग्राम प्रत्येक अक्षर फॉन्टमधून काढून, कडा गुळगुळीत करून, ठिपक्या-ठिपक्याने रंगवतो. ब्राउझरसारखंच. इतकंच काय, नव्या मशीनवर लिनक्सचा बिनखिडक्यांचा पूर्ण काळा पडदा येतो, तोही बहुधा ग्राफिक्स मोडमध्येच अक्षरं काढत असतो. खात्री करायची असेल तर एक प्रयोग कर. डिस्कवरच्या सगळ्या फाइलींची नावं खिडकीत सोड आणि किती वेळ लागतो ते बघ. मग तीच यादी पडद्यावर न दाखवता फाइलीत वळव. पहिल्या खेपेला डिस्क वाचली जाते, म्हणून ती खेप मोजू नको, दुसरीपासून मोज. त्याने मोजलं, आणि पडद्यावरच्या यादीला जास्त वेळ लागला. काम तेच होतं, जास्तीचा वेळ दाखवण्याचा होता.

पण त्याच्या मशीनचं खरं दुखणं तेही नव्हतं. मी त्याला कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा लाल दिवा बघायला सांगितला. ब्राउझरमध्ये चार पानं उघडल्यावर तो दिवा विझेचना. रॅम भरली की सिस्टीम न लागणारा माल डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागला की परत आणते. हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे मारते. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंद. हात योग्य वर्तुळावर न्यायला आणखी आठ-दहा. इकडेतिकडे विखुरलेला माल आणायचा तर सेकंदाला शंभराच्या आत-बाहेर खेपा होतात. रॅममधून हेच काम सेकंदाला लाखो वेळा होतं. यार्डातल्या ४८६ ला धाप लागली होती पडद्याच्या बोळात. याला लागतेय गोदामाच्या जिन्यावर. दोन्ही मशीनं जुनी, लक्षण एकच, रोग वेगळा.

त्यामुळे अशा मशीनवर टेक्स्टचे प्रोग्राम वापरून फायदा होतो, पण तो ठिपके वाचल्यामुळे नव्हे. असे प्रोग्राम अंगाने लहान असतात, रॅममध्ये मावतात, जिना चढावा लागत नाही. मी त्याला सांगितलेला क्रम असा. आधी साधा सॅटा एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर माल ठेवणारी डिस्क, बसव, त्याने जिन्याची लिफ्ट होते. मग रॅम ४ जीबी कर, जुनी रॅम सेकंडहँड मिळते. मग लिनक्सचा हलका डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या दाखवणारा भाग, घे, एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी. एवढं झाल्यावर आवड असेल तर काळ्या खिडकीत बस. उलट्या क्रमाने गेलास तर कमांडा पाठ होतील आणि लाल दिवा तसाच राहील. विंडोज ११ चा नाद धरू नको म्हटलं, त्याला ४ जीबी रॅमबरोबर टीपीएम २.० चा सुरक्षा चिप लागतो आणि तो त्या काळच्या बोर्डावर सापडायचा नाही.

डिझाइनचं काम करणाऱ्याने यातलं काहीच मनावर घेऊ नये. सोलापुरात चादरीचं डिझाइन आता कॉम्प्युटरवर होतं, तिथे एकेक चौकोन हाच माल आहे. त्याला ठिपके मोजावेच लागणार.

एसएसडी बसवल्यावर भाचा खूश झाला. मग त्याने खिडक्या बंद करून पूर्ण काळ्या पडद्यावर जाऊन आपलं नाव मराठीत असलेली फाइल उघडली. पडद्यावर चौकोन आले. नुसते चौकोन, ओळीने. "मराठी येतच नाही?"

इथे टेक्स्ट मोडची खरी किंमत समोर येते, आणि ती आपणच मोजलेली आहे, इंग्रजीवाल्यांनी नाही. एक घर, एक क्रमांक, एक साचा हा संसार रोमन लिपीला सुखाचा जातो. देवनागरीत ‘क्षि’ लिहायचं तर मेमरीत क, हलन्त, ष आणि र्‍हस्व वेलांटी असे चार क्रमांक. वेलांटी शेवटी लिहिलेली, पण काढायची सगळ्यात आधी. क आणि ष मिळून तिसराच आकार. उकार खाली लोंबतो, रफार डोक्यावर चढतो, शिरोरेषा घराच्या भिंती ओलांडून जाते. आणि साचे? व्हीजीएचे टेक्स्ट मोडमध्ये २५६, ओढूनताणून ५१२. जोडाक्षरांनी तेवढे सहज संपतील.

पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने यावर उपाय काढला होता, त्याचं नाव जिस्ट कार्ड. मुळातलं संशोधन आयआयटी कानपूरचं. पीसीच्या खाचेत हे कार्ड घालायचं. डॉसचा प्रोग्राम, अगदी डीबेस किंवा वर्डस्टारसुद्धा, नेहमीसारखे क्रमांकच लिहायचा. ते क्रमांक इस्की या भारतीय लिप्यांच्या प्रमाणातले, जे १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने मान्य केलं. क्रमांक बघून अक्षरं जोडायची, वेलांटी मागे न्यायची, हे सगळं कार्ड करायचं. प्रोग्रामला पत्ता नाही की आपण मराठी दाखवतोय. ऑर्डर नंबरावरच, फक्त कारखान्यात मराठी कारागीर बसवलेला. मला आजवर आवडलेल्या यंत्रांत हे एक आहे.

१९९९ च्या त्या चौथ्या दिवशी मी मालकांपुढे हाच पर्याय ठेवला होता. त्यांनी किंमत विचारली. मी सांगितली. त्यांनी चहा मागवला आणि कांद्याच्या भावाबद्दल बोलायला लागले.

शेवटी आम्ही छापखान्यात गेलो. प्रिंटरला लागणारा सलग, भोकांच्या कडांचा कागद मराठीत छापून घेतला: वर अडतीचं नाव, खाली रकाने, पिशव्या, वजन, भाव, हमाली, तोलाई, भाडं, उचल, निव्वळ रक्कम. जे रोज बदलत नाही ते एकदाच छापलं. रोज बदलणारे आकडे जुना निळा प्रोग्राम त्या रकान्यांत ठोकायचा, टर्र्र्र, एका फटक्यात. त्यासाठी मला फॉक्सप्रोत ओळींची अंतरं बसवत अख्खी एक संध्याकाळ घालवावी लागली, कारण हमालीचा आकडा सारखा तोलाईच्या रेघेवर चढत होता.

नावाची जागा कोरी ठेवली. पट्टी फाडून देताना दिवाणजी तिथे कानाजवळचं पेन काढून शेतकऱ्याचं नाव आणि गाव हाताने लिहायचे, आणि कार्बनवर उठावं म्हणून दाबून.